अभ्यासक्रमाची व्याप्ती, शालेय : तौलनिक इतिहास

शाळेत विद्यार्थ्याने किती व कोणकोणत्या विषयांचा अभ्यास करावा, त्यांपैकी किती सर्वांना आवश्यक व किती ऐच्छिक असावेत आणि निवडीस कोणत्या वयापासून आरंभ व्हावा, या प्रश्नांच्या उत्तरांवरून अभ्यासक्रमाची व्याप्ती ठरते. ही व्याप्ती देशोदेशी फार भिन्न आहे. सोळा वर्षे वयाचा इंग्लंडमधील विद्यार्थी सामान्यतः तीन विषय निवडून उरलेले सोडून देतो, तर त्याच वयाच्या जर्मन विद्यार्थ्याला भाषा, इतिहास, गणित व विज्ञान यांपैकी कोणतेही क्षेत्र पूर्णपणे सोडता येत नाही. दोन्ही देशांत शिक्षणशास्त्राचा विकास झालेला असून दोन्हींतील विद्यापीठे नामांकित आहेत. तेव्हा हा भेद शिक्षणशास्त्रीय सिद्धांतातून उद्भवलेला नाही हे उघड आहे. शालान्त परीक्षेची रचना, विद्यापीठप्रवेशाच्या अटी आणि समाजातील कोणत्या वर्गासाठी शाळा काढली गेली या तीन गोष्टींत त्याची मुळे सापडतात.

तुलना करताना केवळ विषयांची संख्या मोजून भागत नाही. वेळापत्रकात दहा विषय असूनही परीक्षेत तिघांनाच महत्त्व असेल, तर व्याप्ती कागदावरच राहते. एखाद्या शाळेत अनेक विषय उपलब्ध असले, तरी प्रत्यक्ष विद्यार्थ्याच्या वाट्याला थोडेच येत असतील, तर ती व्याप्ती शाळेची होय, विद्यार्थ्याची नव्हे. म्हणून आवश्यक विषयांची संख्या, निवडीचे वय, परीक्षेतील गुणभार आणि समाजातील कोणत्या गटांना तो अभ्यासक्रम खरोखर खुला आहे, या चार कसोट्या एकत्रितपणे लावाव्या लागतात.

पूर्वपीठिका : मध्ययुगीन यूरोपात व्याकरण, तर्कशास्त्र व वक्तृत्व ही त्रयी आणि अंकगणित, भूमिती, ज्योतिष व संगीत ही चतुष्टयी मिळून सात उदार विद्या मानल्या जात. प्रत्यक्षात लॅटिन शाळांतील बहुतेक वेळ व्याकरणातच जाई. सर्वांना सर्व काही शिकवावे, हा विचार योहान आमॉस कोमेनिअस (१५९२–१६७०) याने आपल्या दिदाक्तिका माग्ना (१६५७) या ग्रंथात मांडला. तथापि पुढील दोन शतकांत यूरोपात दोन वेगळ्या शाळा रूढ झाल्या : मूठभरांसाठी अभिजात भाषांची दीर्घ मुदतीची शाळा आणि बहुजनांसाठी वाचन, लेखन, अंकगणित व धर्मशिक्षण यांची अल्पकालीन शाळा. अभ्यासक्रमाच्या व्याप्तीसंबंधीचे पुढील बहुतेक वाद या दुभंगातून निर्माण झाले आहेत.

जर्मनी : प्रशियात १७८८ मध्ये आबिटूर ही शालान्त परीक्षा सुरू झाली. १८०९–१० मध्ये व्हिल्हेल्म फोन हुंबोल्ट (१७६७–१८३५) याने शिक्षणखात्याची सूत्रे हाती घेतल्यावर जिम्नॅझियम या शाळेला निश्चित रूप दिले. व्यक्तीच्या सर्व शक्तींचा सुसंवादी विकास हे त्याच्या मते सामान्य शिक्षणाचे ध्येय होते. व्यवसायशिक्षण त्यानंतर यावे, असे त्याचे प्रतिपादन होते. लॅटिन, ग्रीक, जर्मन व गणित यांबरोबर इतिहास, भूगोल आणि निसर्गविज्ञान यांनाही अभ्यासक्रमात स्थान मिळाले. १८३४ नंतर विद्यापीठप्रवेशासाठी आबिटूर अनिवार्य झाल्याने ही व्याप्ती परीक्षेच्या आधारावर टिकून राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधुनिक भाषा व विज्ञान यांवर भर देणाऱ्या शाळांनी समान दर्जासाठी दीर्घकाळ झगडा केला. १९०० मध्ये जिम्नॅझियम, रेआलजिम्नॅझियम व ओबररेआलशूल या तिन्ही प्रकारच्या शाळांना समकक्ष मानण्यात आले. १९७२ च्या राज्यांमधील करारानुसार वरच्या वर्गांत मूलभूत व प्रगत अशा दोन पातळ्यांवरील पाठांची निवड करण्याची मुभा मिळाली. मात्र भाषा–साहित्य–कला, सामाजिक शास्त्रे आणि गणित–निसर्गविज्ञान–तंत्रविद्या या तिन्ही क्षेत्रांत अध्ययन चालू ठेवण्याचे बंधन राहिले. पुढे अनेक राज्यांनी जर्मन व गणित यांवरील बंधने पुन्हा कडक केली. या व्यवस्थेची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. बहुतेक राज्यांत चौथ्या इयत्तेनंतर, म्हणजे सुमारे दहाव्या वर्षीच, मुलांची निरनिराळ्या शाळांत विभागणी होत आली आहे. विषयांच्या निवडीला उशीर. पण मुलांच्या निवडीला घाई, असा हा विरोधाभास आहे.

फ्रान्स : नेपोलियनच्या १८०८ मधील हुकुमाने बाकालोरिया ही परीक्षा विद्यापीठाची पहिली पदवी म्हणून प्रस्थापित झाली. १९०२ च्या सुधारणेने माध्यमिक शिक्षणाच्या वरच्या टप्प्यावर लॅटिन–ग्रीक, लॅटिन–आधुनिक भाषा, लॅटिन–विज्ञान आणि विज्ञान–आधुनिक भाषा अशा चार शाखा निर्माण केल्या. त्यांतील चौथ्या शाखेत लॅटिनची आवश्यकता नव्हती, ही त्या काळी मोठी क्रांती होती. शाखा कोणतीही असो, अखेरच्या वर्षी तत्त्वज्ञान शिकण्याची परंपरा सामान्य शिक्षणात टिकून राहिली आहे.

फ्रेंच पद्धतीत विषय फारसे सोडले जात नाहीत. त्यांचा गुणभार मात्र शाखेनुसार बदलतो. १९६५ च्या सुधारणेने साहित्य, अर्थशास्त्र, गणित–भौतिकी, निसर्गविज्ञान इ. शाखांना अक्षरनामे दिली. त्यांतील गणिती शाखेला अशी प्रतिष्ठा लाभली, की गणिताची ओढ नसलेले हुशार विद्यार्थीही तिच्याकडे वळू लागले. त्यामुळे शाखांची संख्या वाढूनही खरी निवड संकुचितच राहिली. सामान्य शिक्षणातील या शाखा पुढे रद्द झाल्या आणि २०२१ पासून नव्या स्वरूपाची परीक्षा होऊ लागली. तीत सर्वांना समान असा विषयगट व त्याच्या जोडीला उपान्त्य वर्षी तीन व अंतिम वर्षी दोन विशेष विषय असतात. या रचनेत गणित समान गटातून वगळले गेले होते. त्यावर तीव्र टीका झाल्याने २०२३ पासून गणित हा विशेष विषय न घेणाऱ्यांनाही उपान्त्य वर्षी ते आवश्यक करण्यात आले. आवश्यक विषय एकदा काढून टाकल्यावर समाजाला त्याचे महत्त्व कसे पुन्हा जाणवते, याचे हे बोलके उदाहरण होय.

इंग्लंड : इंग्लंडमध्ये केंद्रसत्तेने दीर्घकाळ अभ्यासक्रम थेट ठरविला नाही, अनुदान व परीक्षा यांच्याद्वारे तिने तो घडविला. रॉबर्ट लो (१८११–९२) याच्या पुढाकाराने १८६२ मध्ये सुधारित संहिता अंमलात आली. तीनुसार प्राथमिक शाळांचे अनुदान मुख्यत्वे विद्यार्थ्यांची उपस्थिती आणि वाचन, लेखन व अंकगणित यांच्या परीक्षेतील यश यांवर अवलंबून ठेवण्यात आले. ‘निकालानुसार अनुदान’ या नावाने ही पद्धत प्रसिद्ध आहे. तिच्यामुळे इतिहास, भूगोल यांसारखे विषय अनेक शाळांतून मागे पडले. शिक्षक तपासनिसाच्या भेटीसाठी मुलांकडून ठराविक उतारे घोकून घेऊ लागले. १८६७ पासून इतर काही विषयांनाही अनुदान देऊन ही त्रुटी अंशतः दूर करावी लागली आणि शतकाच्या अखेरीस ती पद्धत रद्द झाली. अभ्यासक्रमाच्या संकोचाचे कारण पैसा व परीक्षा यांच्या संयोगात कसे असते, याचा पाठ म्हणून शिक्षणाच्या इतिहासात तिचा वारंवार उल्लेख होतो.

माध्यमिक शाळांसाठी १९०४ मध्ये रॉबर्ट मोरँट (१८६३–१९२०) याच्या कारकीर्दीत नियमावली निघाली. इंग्रजी, भूगोल व इतिहास यांना मिळून आठवड्यास किमान साडेचार तास, एका परभाषेस साडेतीन तास आणि विज्ञान व गणित यांना मिळून साडेसात तास द्यावेत, असे तीत सांगितले होते. चित्रकला, हस्तव्यवसाय व शारीरिक शिक्षण यांचाही तीत समावेश होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेल्या स्कूल सर्टिफिकेट परीक्षेत निरनिराळ्या विषयगटांत मिळून उत्तीर्ण व्हावे लागे. एका गटातील अपयशाने प्रमाणपत्रच हुके. ही कठोर अट दूर करण्यासाठी १९५१ मध्ये प्रत्येक विषयाचे स्वतंत्र प्रमाणपत्र देणारी सर्वसाधारण व प्रगत अशा दोन पातळ्यांची परीक्षा आली. विद्यार्थ्याला दिलासा देणारा हा बदल होता. परंतु व्याप्तीचे बंधनही त्याबरोबर नाहीसे झाले. प्रगत पातळीवर तीन विषय घेण्याचा प्रघात पडला आणि तीन वर्षांत पदवी देणाऱ्या विद्यापीठांना तो सोयीचा ठरला.

१९५९ मध्ये क्राउदर समितीने विशेषीकरणाचे समर्थन केले. तरुण विद्यार्थ्याला एखाद्या विषयाची मनापासून ओढ लागते व खोल अध्ययनातून बुद्धीला शिस्त लागते, अशी तिची भूमिका होती. त्याच वर्षी सी. पी. स्नो (१९०५–८०) याने केंब्रिज येथील व्याख्यानात साहित्यिक व वैज्ञानिक या दोन संस्कृतींमधील दरीकडे लक्ष वेधले आणि इंग्लंडमधील शालेय विशेषीकरणाला त्याबद्दल दोष दिला. १९८८ च्या शिक्षण सुधारणा अधिनियमाने प्रथमच दहा विषयांचा राष्ट्रीय अभ्यासक्रम लागू केला. परंतु तो सोळा वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी होता. त्यापुढील टप्प्यासाठी पाच आटोपशीर विषय असावेत, ही हिगिन्सन समितीची त्याच वर्षीची शिफारस शासनाने नाकारली. २००४ च्या टॉमलिन्सन अहवालातील एकात्म पदविकेची योजनाही स्वीकारली गेली नाही. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अधिक विषयांच्या नव्या प्रमाणपत्राची घोषणा केली. २०२४ मध्ये सत्तांतरानंतर ती योजनाही सोडून देण्यात आली. समित्या व्याप्तीची शिफारस करतात, पण विद्यापीठप्रवेशाची रचना कायम राहिल्याने पूर्वीचाच प्रघात टिकतो, असा हा अनुभव आहे.

स्कॉटलंड : एकाच राज्यसत्तेखाली असूनही स्कॉटलंडची परंपरा वेगळी आहे. १८८८ मध्ये तेथे शालान्त प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. पुढे तिच्या उच्च पातळीवर एकाच वर्षी सुमारे पाच विषय घेण्याची पद्धत रूढ झाली. स्कॉटिश विद्यापीठांतील विशेष पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असल्याने विशेषीकरण पुढे ढकलता आले. जॉर्ज डेव्ही याने १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तत्त्वज्ञानाधिष्ठित व्यापक शिक्षणाची ही परंपरा एकोणिसाव्या शतकात इंग्रजी नमुन्याच्या दडपणाखाली कशी क्षीण झाली, याचे विवेचन केले आहे. शाळा किती व्यापक असू शकते, हे पदवी किती वर्षांची यावरही अवलंबून असते, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : अमेरिकेत राष्ट्रीय अभ्यासक्रम नाही; तो राज्ये व स्थानिक शिक्षणमंडळे ठरवितात. हार्व्हर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट (१८३४–१९२६) यांच्या अध्यक्षतेखाली १८९२ मध्ये नेमलेल्या दहा जणांच्या समितीने एक महत्त्वाचे तत्त्व मांडले : विद्यार्थी पुढे महाविद्यालयात जाणार असो वा नसो, जो विषय शिकवावयाचा तो सर्वांना सारख्याच रीतीने शिकविला पाहिजे. याउलट १९१८ च्या अहवालाने आरोग्य, कुटुंबजीवन, व्यवसाय, नागरिकत्व, फुरसतीचा सदुपयोग यांसारखी सात उद्दिष्टे सांगून अभ्यासक्रम जीवनोपयोगी करण्याचा पुरस्कार केला. कार्नेगी प्रतिष्ठानाने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणलेल्या एककामुळे प्रत्येक विषय तासांच्या हिशेबात मोजला जाऊ लागला. भाषा, विज्ञान, स्वयंपाक वा मोटारचालन यांचे एकक एकाच बेरजेत मिळविता येऊ लागले.

यातून शाळेच्या विषयसूचीची अपूर्व वाढ झाली. मात्र तीतून विद्यार्थी काय उचलील, हे त्याचे कुटुंब, सल्लागार व शाळा ज्या वस्तीत आहे ती वस्ती यांवर अवलंबून राहिले. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यानंतर १९५८ च्या अधिनियमाने विज्ञान, गणित व परभाषा यांना संघराज्याचे साहाय्य मिळाले. १९८३ च्या राष्ट्रीय आयोगाने चार वर्षे इंग्रजी, प्रत्येकी तीन वर्षे गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे आणि अर्धे वर्ष संगणकशास्त्र एवढा आवश्यक गाभा सुचविला. २००२ च्या कायद्याने वाचन व गणित यांच्या वार्षिक चाचण्या शाळेच्या मूल्यमापनाशी जोडल्या. तेव्हा अनेक शाळांत कला, संगीत व सामाजिक शास्त्रे यांचा वेळ घटला. इंग्लंडमध्ये १८६२ नंतर जे घडले होते, त्याची ही सुमारे एकशे चाळीस वर्षांनंतरची आवृत्ती म्हणता येईल.

सोव्हिएट रशिया व जपान : क्रांतीनंतर १९१८ मध्ये रशियात एकात्म श्रमशाळेची घोषणा झाली, परंतु प्रकल्प व गटकार्य यांवरील भर १९३१ पासून मागे घेऊन पद्धतशीर विषयशिक्षण पुन्हा सुरू करण्यात आले. साहित्य, इतिहास, गणित, भौतिकी, रसायन, जीवविज्ञान व परभाषा या सर्वांचा समावेश असलेला एकच अभ्यासक्रम देशभर सर्व विद्यार्थ्यांना आवश्यक होता. ऐच्छिक पाठांना १९६६ नंतर स्थान मिळाले. मुलामुलींना समान व विज्ञानप्रधान शिक्षण ही या पद्धतीची जमेची बाजू होती. इतिहास व सामाजिक विषयांचा आशय राजकीय मतप्रणालीने बांधलेला असणे ही तिची मर्यादा होती. विषय अनेक असले, म्हणजे विचारांचे क्षेत्रही विस्तृत असतेच असे नाही.

जपानमध्ये १८७२ च्या शिक्षणसंहितेपासून केंद्रीय नियंत्रण राहिले. १९४७ मध्ये अमेरिकन अंमलाखाली आलेला अभ्यासक्रम सूचनावजा होता. १९५८ पासून तो बंधनकारक झाला. अनिवार्य शाळेत भाषा, गणित, विज्ञान व समाजशास्त्र यांबरोबर संगीत, चित्र–हस्तकला, गृहशास्त्र व शारीरिक शिक्षण यांना निश्चित तासिका आहेत. प्रवेशपरीक्षांचा ताण व खाजगी शिकवण्या यांमुळे मुलांना उसंत नाही, अशी तक्रार वाढल्याने २००२ पासून आशयात सुमारे ३० टक्के कपात करण्यात आली व एकात्म अध्ययनाच्या तासिका वाढविण्यात आल्या. गुणवत्ता घसरल्याची टीका होताच २००८ च्या आवृत्तीत तास व आशय पुन्हा वाढले. प्रवेशपरीक्षा तशीच ठेवून केवळ आशय कमी केल्यास ओझे शाळेतून शिकवणीकडे सरकते, हा यातील बोध होय.

भारत : भारतात इंग्रजी माध्यमिक शिक्षणाची व्याप्ती प्रारंभापासून विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेने ठरविली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये होऊन पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. पुढे जे मॅट्रिकला नाही ते शाळेत नाही, अशी स्थिती आली. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी देशी भाषांना विद्यापीठाच्या परीक्षांत स्थान मिळावे म्हणून दीर्घकाळ प्रयत्न केले, त्याचे मर्म हेच होते. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षणाचे वाङ्मयीन व व्यावहारिक असे दोन प्रवाह सुचविले. परंतु नोकरी व विद्यापीठ यांच्या ओढीमुळे दुसरा प्रवाह रुजला नाही.

याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी सादर केलेले निवेदन व्याप्तीच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध लेखन–वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांचे सामान्य ज्ञान, शेतीची मूलतत्त्वे, नीती आणि आरोग्य यांचे पाठ असावेत, अशी मागणी त्यांनी केली. शेतकऱ्याच्या मुलाला तुटपुंज्या अक्षरओळखीवर थांबवू नये आणि त्याला मिळणारे ज्ञान त्याच्या जीवनाशी निगडित असावे, अशा दोन्ही गोष्टी तीत एकत्र आल्या आहेत. इंग्लंडमध्ये गरिबांच्या शाळा तीन विषयांपुरत्या आकसल्याचा अनुभव ताजा असतानाचे हे निवेदन आहे.

१९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेने हस्तोद्योग हा सर्व विषयांचा केंद्रबिंदू मानला. मुदलियार आयोगाने (१९५२–५३) बहूद्देशीय शाळा सुचवून मानव्यविद्या, विज्ञान, तंत्रविद्या, वाणिज्य, कृषी, ललितकला व गृहविज्ञान असे सात ऐच्छिक गट आखले. शिक्षक व साधने यांच्या अभावी बहुतेक शाळांना त्यांतील एकदोनच गट चालविता आले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) वेगळी दिशा घेतली : पहिली दहा वर्षे सर्वांना समान सामान्य शिक्षण, त्यात विज्ञान व गणित आवश्यक आणि शाखाभेद त्यानंतर. महाराष्ट्रात १९७० नंतरच्या दशकात हा आकृतिबंध अंमलात येऊन कला, विज्ञान व वाणिज्य या शाखा अकरावीपासून सुरू झाल्या. त्यामुळे दहावीपर्यंतची व्याप्ती वाढली. मात्र त्यापुढील विभागणी कडक राहिली. वैद्यक व अभियांत्रिकी यांच्या स्पर्धात्मक प्रवेशपरीक्षांना प्राधान्य आल्यावर विज्ञान शाखेतील भाषाविषयही अनेकांच्या दृष्टीने उपचारमात्र उरले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला व विज्ञान, तसेच अभ्यासविषय व अभ्यासेतर विषय यांमधील ताठर भिंती दूर करण्याचे उद्दिष्ट मांडले आहे.

मुलींचे शिक्षण : व्याप्ती सर्वांना समान नसते, याचे स्पष्ट उदाहरण मुलींच्या अभ्यासक्रमात आढळते. इंग्लंडमध्ये १९०९ पासून पंधरा वर्षांवरील मुलींना विज्ञान व अंकगणिताखेरीज उरलेले गणित यांच्या जागी गृहकृत्यविषयक पाठ घेण्याची मुभा होती. फ्रान्समध्ये १८८० च्या कायद्याने स्थापन झालेल्या मुलींच्या शाळांत बाकालोरियाची तयारी करून घेतली जात नसे. १९२४ मध्ये त्यांचा अभ्यासक्रम मुलांच्या बरोबरीचा झाला. पुण्यात १८८४ मध्ये सुरू झालेल्या मुलींच्या हायस्कूलातील इंग्रजी वळणाच्या विषयांवर वृत्तपत्रांतून मोठा वाद झाला होता. मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असू नयेत, ही हंसा मेहता समितीची भूमिका कोठारी आयोगाने मान्य केली. कोणता विषय शिकवावयाचा नाही, हे ठरविणे म्हणजे पुढील कोणता मार्ग बंद ठेवावयाचा हे ठरविणे असते.

आंतरराष्ट्रीय प्रयत्न : १९६८ मध्ये जिनीव्हा येथे सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय बाकालोरिया या परीक्षेने व्याप्ती व खोली यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. विद्यार्थी सहा विषय घेतो. त्यांपैकी सामान्यतः तीन उच्च व तीन सामान्य पातळीवर असतात. दोन भाषा, सामाजिक शास्त्र, विज्ञान व गणित यांचा त्यांत अंतर्भाव होतो. ज्ञानमीमांसेचा पाठ, दीर्घ निबंध व समाजसेवा यांचीही जोड असते. तथापि या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या भारतातील बहुतेक शाळा खर्चिक असल्याने तिचा लाभ मर्यादित वर्गालाच मिळतो.

मूल्यमापन : विशेषीकरणाच्या बाजूने खोल अध्ययन, आवड व वेळेची बचत हे मुद्दे मांडले जातात, व्यापकतेच्या बाजूने नागरिकत्व, सुसंस्कृतता आणि उशिरा उमलणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारी संधी हे मुद्दे येतात. दोन्हींत तथ्य आहे. वरील इतिहासावरून मात्र तीन निष्कर्ष निघतात. परीक्षा व प्रवेशाच्या अटी न बदलता केवळ वेळापत्रकात विषय घातल्याने व्याप्ती वाढत नाही. शिक्षक व साधने यांची तरतूद नसलेली निवड नाममात्र राहते. आणि निवड जितकी लवकर करावी लागते, तितकी ती विद्यार्थ्याच्या कुवतीपेक्षा घरच्या परिस्थितीवर अवलंबून राहते. ज्या घरात पूर्वी कोणी शिकलेले नाही, त्या घरातील मुलाला सोडून दिलेल्या विषयाची किंमत कळते तेव्हा परतीचा मार्ग बहुधा उरलेला नसतो. म्हणूनच अभ्यासक्रमाच्या व्याप्तीचा प्रश्न हा मूलतः सामाजिक न्यायाचा प्रश्न ठरतो.